कवेलूखालचा खड्डा

आमच्या गल्लीच्या गणपतीचा मांडव माझ्याकडे असे आणि त्याचा मला भारी तोरा होता. नोकरी कारकुनाची, पण मांडवापुढे उभा राहिलो की मी साहेब! गल्ली मुरूम ठोकून टणक केलेली. मांडवाच्या लाकडी बल्ल्या रोवायला आठ खड्डे खणताना सब्बलीनं हाताला फोड यायचे. म्हणून सत्तर साल उलटल्यावर एकदा मी अक्कल चालवली. विसर्जनानंतर खड्डे बुजवायचेच नाहीत. प्रत्येकावर छपराचा फुटका कवेलू ठेवायचा, वर थोडी माती पसरायची. पुढच्या वर्षी कवेलू उचलला की खड्डा तयार. "भाऊ, डोकं आहे बाप्पा तुमचं!" असं सगळे म्हणाले आणि मी फुगलो.

आमच्या शेजारी एक काका राहत, पोस्टातून निवृत्त झालेले. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला त्यांची थोरली बहीण. आम्ही सगळे तिला आत्याबाई म्हणायचो. उघडी नाली, तिच्यावरच्या डुगडुगत्या फरश्या, नळाजवळचं शेवाळ, प्रत्येकानं रस्त्यावर ढकललेला आपापला ओटा, ह्या सगळ्याला भिऊन आत्याबाईंनी उंबरठा सोडणं बंद केलं होतं. डोळेही गेल्यातच जमा. म्हणून काका रोज संध्याकाळी पेपर काखेत मारून, काठी टेकत त्यांच्याकडे जायचे आणि वाचून दाखवायचे. "आधी कोण गेलं ते वाच," आत्याबाई म्हणायच्या. "बाकीचं मंग."

त्या वर्षी विसर्जनानंतर पावसाची मोठी झड आली. कवेलू भिजले, माती बसली. एका संध्याकाळी काकांचा पाय त्यातल्या एकावर पडला, कवेलू फुटला आणि पाय नडगीपर्यंत आत गेला आणि ते कमरेवर आदळले. मी ओट्यावर चहा पीत होतो. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. अजूनही ऐकतो.

खुब्याचं हाड होतं. दवाखान्यातून खाटेवर आणलं ते खाटेवरच राहिले. मी भेटायला गेलो तर मलाच म्हणाले, "डोळे गेले गा माझे. एवढा खड्डा, पण दिसलाच नाही." दिसणार कसा? मीच झाकला होता! पण माझं तोंड उघडलं नाही. लाज वाटते सांगायला, दुसऱ्या दिवशी मी तो एक खड्डा बुजवला आणि उरलेल्या सातांवर नवे कवेलू ठेवले. पुढच्या वर्षी लागतीलच, म्हणून. माणूस इतका कोडगा असतो.

दिवाळी आली. भाऊबीजेला काका दरवर्षी बहिणीकडे जात, आता ते शक्य नव्हतं. आत्याबाईंनी मला बोलावून घेतलं. "त्याले जमत नाही, तं मी जाईन ओवाळायले."

"रिक्षा आणतो, आत्याबाई."

"काहून? माहा भाऊ रोज पायी येत होता. मीबी पायीच जाईन. वाट नीट करून दे, बस."

काका खंगत चालले होते. ही भाऊबीज हुकली तर पुढची नाही, हे आम्हाला दोघांनाही कळत होतं.

भाऊबीजेच्या सकाळी सब्बल, फावडं, घमेलं घेऊन मी उतरलो. आधी सातही खड्डे मुरूम घालून ठोकले. मग डुगडुगत्या फरश्यांखाली दगडाच्या चिपा बसवल्या, नळाजवळचं शेवाळ खरडलं. एकाची गाय रस्त्यातून सोडवून मागे बांधली, दुसऱ्याला स्कूटर आत घ्यायला लावली. "गल्ली तुमच्या बापाची आहे का?" तो ओरडला. "नाही ना! तुमच्याही बापाची नाही," मी म्हणालो. दुपारपर्यंत दुसरी माणसंही हात लावायला आली. दोन-अडीचशे पावलांची वाट, आणि इतकी वर्षं कुणाला सुचलं नव्हतं.

संध्याकाळी आत्याबाई माझा हात धरून निघाल्या. ताटातलं निरांजन पदराआड धरून काकांची सून मागे चालत होती. किती वर्षांनी त्या रस्त्यावर आल्या होत्या! लोक ओट्यांवर उभे राहिले. काकांना पाटावर बसवणं शक्य नव्हतं. खाटेवरच ओवाळलं. ओवाळताना आत्याबाईंनी त्यांचा चेहरा हातांनी चाचपून पाहिला. काका लहान मुलासारखे रडले. मीही दाराशी उभा राहून रडलो. पौषात काका गेले.

भाऊबीजेच्या त्या संध्याकाळी परतताना आत्याबाई मध्येच थांबल्या. "कुठं पडला तो?"

मी जागा दाखवली. त्यांनी पायानं चाचपली.

"असे किती होते गा?"

"आठ." आणि मग सगळं बाहेर आलं. कवेलू, माती, माझी अक्कल, नंतरचे सात. त्या ऐकत राहिल्या. रागावतील, हात झटकतील असं वाटलं. खरं म्हणजे तेच हवं होतं मला.

"ते सात बुजवायले किती वेळ लागला आज?"

"अर्धा तास."

त्यांनी ती जागा पुन्हा एकदा पायानं दाबून पाहिली.

"माहा भाऊ रोज तेवढाच वेळ बसत होता माह्याजवळ," त्या म्हणाल्या, आणि माझा हात धरून घराकडे चालू लागल्या.