बोटानं मापलेलं तेल

चाकूरच्या आमच्या गल्लीत गुरुपादप्पांची जुनी जीप कायम उतारावर, नाक खाली करून उभी असते. कारण बॅटरी मेलेली. चाकाखालचा दगड काढायचा, जीप घरंगळली की दुसरा गिअर टाकून क्लच सोडायचा, झाली चालू! नवी बॅटरी घ्या म्हटलं की म्हणणार, "उतार फुकट हाय की." या माणसापुढं मी केव्हाच हात टेकलेत.

महिनाभर तिचा गिअरबॉक्स रडत होता. तिसरा गिअर पडला की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नसे. शेवटी त्यांच्या पत्नी उमादेवीकाकूंनी जाहीर केलं, "सोमवारी भंगारवाल्याला बोलावलंय." गुरुपादप्पांचं तोंड एवढंसं झालं. तीस वर्षांची सोबत. मलाही वाईट वाटलं.

सोमवारी ते गाडीखाली शिरले. गिअरबॉक्सच्या बाजूला एक बूच असतं. ते काढलं की तेल भोकाच्या काठाला लागलेलं दिसलं पाहिजे. गुरुपादप्पांनी चाळीस वर्षं किराणा दुकानात गोड्या तेलाचे डबे बोटानं मापलेले. त्यांनी बोट घातलं, माखलेलं बाहेर काढलं आणि खालूनच ओरडले, "काठोकाठ हाय! तेलाचा काय बी दोष न्हाई."

दुपारी काकूंनी ताट तिथंच आणलं. ते जीपला टेकून बसले, ताट उतारावर ठेवलं, आणि सगळं वरण एका बाजूला जाऊन काठावरून सांडलं.

"आवो, अर्धं ताट कोरडं, अन् तुमी काठ बघून भरलंय म्हणता व्हय?"

"वरणाचं?"

"तेलाचं!"

ते घास ताटात टाकून उठले. आम्ही गल्लीतल्या चौघांनी जीप सपाटीवर ढकलली. आता बोट मुळापर्यंत गेलं आणि कोरडंच बाहेर आलं. स्पेअर पार्टच्या दुकानातून आणलेलं दीड लिटर गिअर ऑइल आत गेलं, तेव्हा कुठं काठाला लागलं.

पण सपाटीवर ही चालू कशी होणार? पुन्हा ढकला! या खेपेला काकूही पदर खोचून मागं लागल्या. इंजिन धडधडल्यावर त्या शेजारी बसल्या आणि दोघं बसस्टँडपर्यंत जाऊन आले. तिसरा गिअर अगदी गप्प. काकू वाटभर बोलत होत्या, आणि गुरुपादप्पांना आज प्रत्येक गोष्टीचं उत्तर द्यावं लागलं.

परत आले तर दारात भंगारवाला उभा. गुरुपादप्पांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवलं, उतरेचनात.

काकू उतरल्या. बॉनेटवर थाप मारली.

"गाडी न्हाई द्यायची," त्या म्हणाल्या. "बॅटरी न्या."