तिच्या हातची खीर

"पाहून घ्या अगोदर. मंग कामाचं बोलू." समोरचा चोरून बघायला लागण्याआधीच ती दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवी. बोटं वाकून आखडलेली, कातडी ताणून चकाकणारी. आपल्याकडची माणसं तुम्ही ओळखताच. ती पाहून घेत, आणि मग कामाचंही बोलत नसत.

साकोलीच्या शाळेत आम्ही सोबत शिकवत होतो. एका हिवाळ्यात फळ्यावर लिहिता लिहिता तिची बोटं खडूसारखी पांढरी पडली, मग निळी, मग लाल. मुलांना गंमत वाटली. एका डॉक्टरने वात म्हटलं, दुसऱ्याने थंडीची अ‍ॅलर्जी, तिसऱ्याने लग्न न केल्याचा परिणाम. "तिसऱ्यानं स्थळही सुचवलं, सर," ती म्हणाली.

पुढे चेहऱ्याची कातडी ताणली गेली, सुरकुत्या दिसेनाशा झाल्या. मोहल्ल्यातल्या बायांनी क्रीमचं नाव विचारलं. मग बोटांच्या टोकांना जखमा झाल्या, आणि त्याच बायांनी रोगाचं नाव ठरवून टाकलं: महारोग. आमच्या भागात त्याची तपासणी घरोघर होते, त्यामुळे जो तो स्वतःला तज्ज्ञ समजतो. तिने ती तपासणीही करून घेतली. काही निघालं नाही. "त्यात चट्टा बधिर होते," ती समजावत राही, "मले तं टाचणी लागली तरी जीव जाते." ऐकायचं कोणाला होतं?

नागपूरच्या डॉक्टरने बोटांचे रंग विचारले, नखांच्या मुळाशी भिंग धरून पाहिलं, रक्त तपासलं. स्क्लेरोडर्मा: कातडी ताठ करत जाणारा, पण कोणाला न लागणारा रोग. मी सोबत गेलो होतो. परतीच्या एसटीत ती म्हणाली, "अंगच अंगाले परकं समजून राहिलं, सर. महारोग असता तं बरं होतं. गोळ्यांनी जाते तो."

हा जाणार नव्हता. औषधं घ्यायची, हात उबेत ठेवायचे, रक्तदाब आणि फुप्फुसं तपासत राहायची. तिने सगळं नेमाने केलं. रोगाचं खरं नावही मोहल्ल्याला सांगितलं. इंग्रजी नाव म्हणजे लपवाछपवी, असा मोहल्ल्याने निकाल दिला.

बुद्धपौर्णिमेला विहारात खीर तीच वाढायची. त्या वर्षी एक शेजारीण गोड आवाजात म्हणाली, "ताई, तुम्ही बसा ना. आराम करा." आणि ओगराळं तिच्या हातून काढून घेतलं. तिने ते घेऊ दिलं. मला मात्र हळूच म्हणाली, "माझ्या आजीच्या हातचं पाणी गावानं घेतलं नाही, सर. ते गाव तरी परकं होतं."

त्यानंतर पौर्णिमेला ती घरीच थोडी खीर करी आणि मला बोलावी. बोटांत वाटी धरता येत नसे, म्हणून दोन्ही मनगटांत धरून पुढे करी. "पाहून घ्या अगोदर," म्हणे. मी न पाहता खाई.

शेवटी फुप्फुसंही कातडीसारखी ताठ झाली. मयतीला झाडून सगळे आले. माणूस गेलं की रोग लागत नाही, असं आमच्याकडचं वैद्यकशास्त्र असावं.

यंदा पौर्णिमेला ओगराळं माझ्या हाती होतं. तीच शेजारीण वाटी पुढे करून हळहळली, "ताईच्या हातची चव नाही हो याले, सर."

"शेवटची कधी खाल्ली होती?" मी विचारलं.

वाटी तशीच पुढे होती. मी खीर वाढली, आणि पुढच्या वाटीकडे वळलो.