वादी, प्रतिवादी आणि व्यासराजकाकांचं शाकव्रत

व्यासराजकाकांना इंग्रजीत ‘नाही’ म्हणता येत नसे. मराठीत ते दिवसभर नाहीच म्हणत आणि तमिळमध्ये तर हात झटकून म्हणत. पण समोरच्याने इंग्रजीत काही मागितलं की त्यांची मान आपोआप होकारार्थी हलायची. हायकोर्टातल्या एका बड्या वकिलाकडे जन्मभर कारकुनी केल्याचा हा परिणाम.

मद्रासच्या वेपेरीत राहणाऱ्या एक अँग्लो-इंडियन बाई कायमच्या ऑस्ट्रेलियाला निघाल्या. त्यांच्या घराच्या विक्रीचे कागद काकांनी करून दिले होते, म्हणून ते निरोप घ्यायला गेले. जटक्यातून, म्हणजे घोडागाडीतून, परतले तेव्हा मांडीवर चहाचं रिकामं खोकं होतं. खोक्याला भोकं पाडलेली होती आणि आतून कुणीतरी शिट्ट्या मारत होतं.

गोदाक्का तिण्णैवर, म्हणजे दाराबाहेरच्या ओट्यावर, वाती वळत बसल्या होत्या. काकांची ही थोरली विधवा बहीण. या घरात देवाच्या खालोखाल त्यांचाच शब्द चाले.

“काय आणलास रे?”

“गिनीपिग. दोन. बाईंच्या मुलाचे होते. बोटीवर नेऊ देत नाहीत.”

गोदाक्कांनी झाकण उचललं आणि लगेच टाकलं. “अय्यो, उंदीर!”

“उंदीर नव्हे अक्का. शेपूट कोठें आहे?”

“शेपूट नसलेला उंदीर तर आणखीच वाईट. कुणीतरी कापलेली असणार.”

तोवर माझी सहा वर्षांची सुंदरी धावत आली, तिने खोक्यात हात घातला आणि माझ्या काळजाचं पाणी झालं. मी मूळची साताऱ्याकडची. इतिहास घेऊन बी. ए. झाले, लग्न करून मद्रासला तिरुवल्लिक्केणीत, नवऱ्याच्या या काकांच्या घरात, आले आणि सुंदरी झाल्यापासून फक्त काळजी करत आले. पाणी दोनदा उकळते. मुलगी शांत झोपली तर जागी करून बघते. अशा बाईच्या घरात दोन विलायती उंदीर आले! चावले तर? त्यांचे केस मुलीच्या पोटात गेले तर? मी दोन दिवस सुंदरीचे हात कार्बोलिक साबणाने इतके धुतले, की शेवटी तीच म्हणाली, “अम्मा, त्यांचे हात धू की. माझे संपतील.”

बाईंनी काकांना जाताना एवढंच सांगितलं होतं, की दोघेही नर आहेत, तेव्हा काही त्रास नाही. काकांनी ते वेदवाक्य मानलं. “दोघेही ब्रह्मचारी,” ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. “संसार नाही, म्हणजे कटकट नाही.” ते स्वतः ऐन तिशीत विधुर झाले होते आणि पुन्हा लग्न केलं नव्हतं. त्यामुळे या विषयावर आपला अधिकार आहे असं त्यांना वाटे.

कटकट तिसऱ्या दिवशी सुरू झाली. तांबूस रंगाचा थोरला कंबर डोलवत, घशातून मोटारीसारखा घुर्र आवाज काढत धाकट्याभोवती फिरू लागला. काळा-पांढरा धाकटा दात कडकड वाजवू लागला. पाहता पाहता दोघे एकमेकांवर उडाले आणि भाताच्या पेंढ्याचे तुकडे हवेत. काकांनी मध्ये हात घालायचा प्रयत्न केला आणि बोट चावून घेतलं. मग त्यांनी पाटच मध्ये उभा करून ठेवला.

“तारीख पडली,” ते बोट चोखत म्हणाले. “पुढची सुनावणी उद्या.”

तेव्हापासून तांबूस तो वादी आणि काळा-पांढरा तो प्रतिवादी.

गोदाक्कांनी उपाय सुचवला, “वयात आलेत. एखादी बायको बघून दे.”

“मग वाटणीचा दावा उभा राहील, अक्का. तो तर पिढ्यान्‌पिढ्या चालतो.”

हळूहळू काकांना समजत गेलं. एका वाटीवरून भांडण होतं, म्हणून दोन वाट्या आल्या. एका आडोशावरून मारामारी होते, म्हणून दोन मडकी फोडून दोन घरं झाली, आणि कोपऱ्यात अडकवून कुणी कुणाला मारू नये म्हणून प्रत्येक घराला दोन दारं. मूर मार्केटमधून काकांनी लांबरुंद पिंजरा आणला. तो अंगणालगतच्या थंड फरशीवर ठेवला आणि उन्हाच्या बाजूला ओलं गोणपाट टांगलं. आमच्याकडे सोवळं कडक, त्यामुळे गोदाक्कांच्या हुकमावरून पहिल्याच आठवड्यात दोघांना विहिरीच्या पाण्याने आंघोळही घातली गेली. दोघे थरथरत बसले. काका स्वतःच्या जरीच्या उपरण्याने त्यांना पुसत म्हणाले, “नको अक्का. हे सोवळ्यातले नव्हेत. हे कोर्टातले.”

मला सगळ्यात नवल वाटलं ते त्यांच्या कानांचं. रोज सकाळी गल्लीत कीरैवाली यायची, पालेभाजीची टोपली डोक्यावर घेऊन, “कीरै, कीरै” अशी लांब हाक देत. ती गल्लीच्या तोंडाशी असतानाच दोघे पिंजऱ्याच्या जाळीला पुढचे पाय लावून उभे राहत आणि शिट्ट्यांनी घर डोक्यावर घेत. काका धोतर सावरत धावत. कोथिंबिरीची एक जुडी वादीला, एक प्रतिवादीला, कुणाची जास्त नाही. देवाजवळ क्षणभर ठेवून मग ती खाली यायची, कारण काकांच्या घरात नैवेद्य न दाखवलेलं अन्न कुणाच्याच पानात पडत नसे. या दोघांच्याही नाही. आणि मग पान चघळणाऱ्या त्या दोन तोंडांसमोर हा माणूस मांडी घालून बसे, गडगडणाऱ्या आवाजात निकालपत्रं वाचून दाखवे. इतकं बोलताना मी त्यांना घरात कधी पाहिलं नव्हतं. जेवताना ते फक्त “ताक” म्हणत.

मग आषाढी एकादशी आली.

आमचं सासर माध्व वैष्णवांचं. चातुर्मासाचा पहिला महिना शाकव्रत. भाजी नाही, पाला नाही, फळ नाही. मूग, उडीद, मिरं, जिरं, दूध, ताक यांवर महिना काढायचा. सुनेने पण. लहान मुलांना सूट असते, म्हणून सुंदरीसाठी मी माडीवर स्टोव्हवर वेगळी भाजी करत असे. तरी गोदाक्का वास आला की नाक मुरडत.

द्वादशीला कीरैवालीने हाक दिली. वादी-प्रतिवादी उठून उभे राहिले. शिट्ट्या सुरू झाल्या. काका तिण्णैवर बसून राहिले.

“काका, ती बोलावतेय,” सुंदरी म्हणाली.

“आपल्याकडे महिनाभर नाही, बाळ.”

“त्यांना पण नाही?”

“देवाला दाखवणार नाही ते त्यांना कसं घालूं? घरात आहेत म्हणजे घरातले झाले.”

त्या दिवसापासून दोघांना भिजवलेले मूग, पोहे आणि वाळका पेंढा. गवतही बंद, कारण गवत म्हणजे हिरवंच. दोघे मूग खात, पण रोज सकाळी हाक आली की उभे राहत. कीरैवाली दारासमोर क्षणभर थांबे, आतून शिट्ट्या ऐके आणि पुढे जाई.

तिसऱ्या आठवड्यात वादी लंगडू लागला. आधी मला वाटलं, प्रतिवादीने चावलं. पण जखम नव्हती. मग तो उभाच राहीना. हाक आली की नुसते कान हलवी. केस राठ झाले, मूग तोंडात घेऊन खाली टाकी. हात लावला की चिंऽ करून ओरडे. माझी काळजी जी सुंदरीपुरती होती ती पिंजऱ्यापर्यंत पसरली. काकांनी देवाचा अंगारा लावला. गोदाक्कांनी दृष्ट काढली, मिरच्या न घेता, कारण मिरच्याही व्रतात बसत नव्हत्या.

शेवटी मीच म्हटलं, “काका, गुरांच्या डॉक्टरांकडे जाऊ या.”

डॉक्टर नारायणस्वामी जाडजूड आणि घाईतले होते. आमच्या आधी एक म्हैस होती. तिला सोडून त्यांनी वादीला टेबलावर घेतलं, पाय चाचपले, तोंड उघडून हिरड्या पाहिल्या.

“हिरवं काय घालता?”

“काही नाही,” काका ताठ मानेने म्हणाले. “चातुर्मास आहे.”

“कुणाचा?”

“आमचा.”

“मी याचं विचारतोय, सार.”

काका माझ्याकडे बघू लागले. डॉक्टरांनी चष्मा काढला.

“हे बघा. गाय, कुत्रा, उंदीर, सगळ्यांच्या अंगात व्हिटॅमिन सी तयार होतं. तुमच्या-माझ्या अंगात होत नाही आणि याच्याही होत नाही. माणूस दोन-तीन महिने रेटेल. हा नाही रेटत. कोथिंबीर द्या, आवळा द्या, पेरू द्या, ताजं गवत द्या. आज द्या. दोन दिवस असाच उपाशी राहिला तर परत आणू नका.”

“काही गोळी?”

“गोळीपेक्षा कोथिंबीर स्वस्त. पुढे!”

परत येताना जटक्यात काकांनी खोकं दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. रस्त्यात खड्डा आला की ते स्वतः उचलले जात, खोकं जात नसे. 

“मुंज झाल्यापासून एक शाकव्रत मोडलेलं नाही,” ते समोर बघत म्हणाले. “टायफॉइड झाला तरी नाही. पार्वती गेली त्या वर्षीही नाही. तिला बरं वाटावं म्हणून तर जास्तच कडक केलं होतं.”

पार्वती म्हणजे आमच्या काकू. त्यांचं नाव काकांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मी खोक्यात बघितलं. वादी डोळे मिटून पडला होता आणि बरगड्या भरभर वरखाली होत होत्या. मग मला सुचलं ते मी बोलून टाकलं.

“काका, व्रत मुंज झाल्यापासून ना?”

“अर्थात.”

“यांची मुंज कुठे झालीय?”

काकांनी मान वळवली. 

“तुम्ही सगळ्यांना सांगता ब्रह्मचारी, ब्रह्मचारी. पण मुंजीशिवाय कसले ब्रह्मचारी? नुसती पोरं आहेत. सुंदरीला सूट, मग यांना का नाही?”

जटक्याचा घोडा दोन गल्ल्या चालला. काकांच्या कपाळावरच्या आठ्या मी पाहत होते. जन्मभर वकिलाच्या शेजारी बसलेला तो माणूस माझ्या बोलण्यात कच्चा दुवा शोधत होता.

“नैवेद्याचं काय?”

“औषधाला नैवेद्य दाखवता का?”

“हूं,” ते म्हणाले. आणखी एक गल्ली गेली. “मुद्दा ग्राह्य आहे. जटकेवाल्या, मार्केटकडे घे.”

कोथिंबीर मी विकत घेतली, काकांनी शिवली नाही. घरी गोदाक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, “स्वयंपाकघरात आणाल तर बघा.” म्हणून खोकं तिण्णैवर ठेवलं. प्रतिवादीला एक काडी टाकली, त्याने ती मुळासकट संपवली आणि दुसरी मागितली. वादीसमोर मी पान धरलं. त्याने तोंड फिरवलं.

मी पान ओठांना लावलं. नाही. सुंदरीने त्याच्या नाकाखाली चुरडलं. नाही. मी रस काढून पालाडैने, बाळाला दूध पाजायच्या चोचीच्या वाटीने, तोंडात सोडला. हनुवटीवरून ओघळून गेला. दुपार कलायला लागली. मला डॉक्टरांचं बोलणं आठवत होतं आणि सुंदरी रडायच्या बेतात होती.

“सर बाजूला,” काका मला म्हणाले.

त्यांनी जुडी स्वतःच्या हातात घेतली. गोदाक्कांचे हात वातीवर थांबले. काका तिण्णैवर पालथे झोपले, त्यांचं पांढरं डोकं वादीच्या डोक्यासमोर आलं.

“वादी हजर आहे काय?” ते हळू म्हणाले. “हजर व्हा. एकतर्फी निकाल होईल बा. मग मी काय करूं? तो काळा माजेल.”

वादीचा एक डोळा उघडला.

“खा की रे. कडू नाही. एवढंसं पान. बघ, असं घ्यायचं.” त्यांनी एक पान आपल्याच ओठांवर ठेवलं. “असं आत ओढायचं. हं. मग मम्‌-मम्‌-मम्‌.”

सुंदरीला भात भरवताना मी करते तसंच ते गाल हलवून चावत होते. वादीचं नाक हललं. मिशा पुढे आल्या. काकांच्या बोटांत दुसरी काडी होती, तिचं टोक त्याने दातांत धरलं. एकदा चावलं. थांबला. पुन्हा चावलं. पान हळूहळू आत जाऊ लागलं आणि काका आनंदाने आणखी जोरात चावू लागले.

आणि मग त्यांचं तोंड बंद झालं. मध्येच. गाल फुगलेला, डोळे मोठे झालेले. त्यांनी मान उचलून बहिणीकडे पाहिलं. 

पान खरोखरच त्यांच्या तोंडात गेलं होतं, हे सुंदरीलासुद्धा कळलं. वादी मात्र काकांच्या तोंडाकडे बघत थांबला होता, काडीचं टोक ओठांतून लोंबत.

गोदाक्कांनी वात खाली ठेवली.

“आता गिळ,” त्या म्हणाल्या. “थुंकलास तर तोही थुंकेल.”

काकांनी गिळलं. मग दुसरं पान तोंडात घातलं.