पानगळीचे डोंगर

ऑफिसात चीनहून पाहुणे आले होते. त्यांनी गुंडाळी केलेलं एक लांबलचक चित्र भेट दिलं. साहेबांनी विचारलं, कोणाला हवंय? मी हात वर केला. बाकी कोणी केला नाही.

चित्रात पानगळीतले डोंगर. शाईने काढलेले, उंच. मधे धुकं, खाली तांबूस झाडं, निम्मी पानं गळालेली. पुलावर काठी घेतलेला नखाएवढा माणूस. परळच्या चाळीतल्या आमच्या खोलीत ते मावेल अशी जागा एकच, बुद्धमूर्तीच्या फळीशेजारची. पप्पा रे रोडला लाकडाच्या वखारीत कामाला, खिळा त्यांनीच ठोकला.

आई बघत राहिली. "मधे काही काढलंच नाही."

"ते धुकं आहे."

"मग ते काढायला नको?"

आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. हे मी नाही सांगितलं तर पप्पा सांगतात. त्यामुळे मी आणलेल्या वस्तूला सहसा कोणी नको म्हणत नाही. चित्र सुखात होतं. मग मला बघायला लोक येणार असं ठरलं, आणि आईला त्याच्यावरची धूळ दिसायला लागली.

"काढून ठेव गं. धूळ बसते."

"पुसते मी."

"फोडणीचा धूर लागेल."

"भिंतीला पण लागतो."

"पाहुण्यांचं डोकं लागेल."

खरं कारण मला माहीत होतं. घरात लग्नाची बोलणी आणि भिंतीवर सुकलेली झाडं. पण आमच्यात शकुन-अपशकुन मानत नाहीत. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हाच ते सगळं घराबाहेर गेलं. चाळीतल्या बायकांना हे ठणकावून सांगणारी आईच. मी म्हटलं, "अपशकुन होतो म्हण, आत्ता काढते."

"मी कशाला म्हणू? मी मानते का?"

चित्र राहिलं.

वरळीहून मुलगा, त्याची आई आणि मामा आले. मुलाची आई नेमकी चित्रासमोर बसली. चहावर साय धरेपर्यंत बघत होती.

"पानं गळालीत वाटतं."

"पानगळच आहे ती," मी म्हटलं.

"नाही, आम्ही तसलं काही मानत नाही."

"आम्ही पण नाही," आई म्हणाली.

मग दोघींनी एकमेकींना बिस्किटं घ्यायचा आग्रह केला.

पुढच्या आठवड्यात स्थळ आणणाऱ्या शेजारच्या मावशी निरोप घेऊन आल्या. "नको म्हणतात. मुलगी फार शिकलेली वाटते."

"वाटते म्हणजे?" पप्पा म्हणाले. "आहे."

मावशी गेल्या आणि आई स्टुलावर चढली. मला वाटलं, गेलं आता. चित्र जरासं कललं होतं, ते तिने सरळ केलं आणि खाली उतरली.

"काढत नाहीस?"

"आता कशी काढू? आता काढलं तर मी मानते असं होईल."