गच्चीबंदीचा ठराव

शहाण्या माणसाने स्वतःच्या पायावर धोंडा कसा पाडून घ्यावा, हे शिकायचं असेल तर चहा घ्या आणि माझ्याजवळ बसा. नंदुरबारला आमच्या सोसायटीचा मी चेअरमन होतो. होतो म्हणालो, लक्षात ठेवा.

भांडण गच्चीचं. मला सकाळी तिथे प्राणायाम करायचा असतो आणि उन्हाळा लागला की बिल्डिंगभरच्या बायका तिथेच वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या वाळत घालतात. मोठा श्वास घ्यायला जावं, तर शिंका! खालच्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागतात, एवढ्या.

शेवटी गच्चीबंदीचा ठराव आणला. बायकांनी नवऱ्यांना बजावून पाठवलेलं, त्यामुळे सभा भरली ती सगळी माझ्या विरोधात. शेजारचे गुलाबभाऊ उठले. "चेअरमन साहेब, मिरच्या काय घरमा वाळाडूत?"

मतं मोजली असती तर माझा निकालच लागला असता. पण मी उपविधी कोळून प्यायलेला माणूस. विचारलं, "गुलाबभाऊ, फ्लॅट कोणाच्या नावावर?"

बायकोच्या! बाईच्या नावाने घर घेतलं की मुद्रांक शुल्कात सूट मिळते, म्हणून आमच्याकडे सगळ्यांनी तसंच केलंय. मी नियम वाचून दाखवला. सभासद तीच, मतही तिचंच. तिची लेखी संमती नसेल तर नवऱ्याने सभेत बसायचंसुद्धा नाही. एकेकाला विचारून उठवलं. काय माझा रुबाब तेव्हाचा, काय सांगू!

तेवढ्यात आमच्या सौ. चहा घेऊन आल्या. त्यांच्याही मिरच्या गच्चीवरच होत्या, पण घरातला विरोध मी कधी हिशोबात धरलाच नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, ट्रे टेबलावर ठेवला आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "मंग तुम्हीबी उठा. घर मन्हा नाववर शे."

अहो, खरंच होतं. सूट घेताना मीच सगळ्यांच्या पुढे होतो आणि पुढे साफ विसरून गेलो. मत राहू द्या, चेअरमन व्हायचाच मला हक्क नव्हता. इतकी लाज वाटली की चहासुद्धा घेतला नाही. पुढे बायकांनी रीतसर सभा घेतली, सौ. चेअरमन झाल्या आणि गच्ची मिरच्यांना मिळाली.

बाकीच्या नवऱ्यांना बायकांनी लगेच संमती देऊन टाकली. माझा अर्ज मात्र अजून पडून आहे. परवा जेवताना भीत भीत विषय काढला, तर चेअरमनबाई म्हणाल्या, सोसायटीचं काम घरी काढायचं नाही.