गेर्डाबाईंचं माहेर

टेपची चाकं फिरत होती आणि सखूमावशी गप्प बसली होती. कुंभार पिंपळगावात तिच्याइतकी म्हातारी बाई दुसरी नव्हती. ती बोलली नाही, तर आमचं येणं फुकट होतं.

गेर्डाबाई जर्मनीच्या. इतिहास आणि समाजशास्त्र हे त्यांचे विषय. समाजशास्त्र म्हणजे माणसं एकमेकांबरोबर कशी राहतात ते बघायचं. माहेर सुटलेल्या बायका आपलं जुनं आयुष्य कसं सांगतात, यावर त्यांना पुस्तक लिहायचं होतं. ते झालं तरच तिकडच्या युनिव्हर्सिटीत नोकरी पक्की होणार होती. टेप उचलायचा आणि त्यांचं पुस्तकी मराठी बायकांना समजेल असं सांगायचं, हे माझं काम. मी त्याच गावातली, चौथी शिकलेली, तरी त्या मला असिस्टंट म्हणायच्या.

"मावशी, बोल की," मी हळूच म्हटलं.

"काय बोलू? आधी पाव्हणीचं माहेर कुठलं ते तर कळू दे."

इंटरव्ह्यूत आपलं काही सांगायचं नाही, हा बाईंचाच नियम. पण त्या म्हणाल्या, "मी लहान असताना युद्ध झाले. माझे गाव दुसऱ्या देशात गेले. आम्हाला तिथून घालवले."

"अन् आई-बाप?"

"वारले."

"नवरा?"

"लग्न केले नाही. शिकले, मग शिकवू लागले."

"म्हंजी सासर बी न्हाई, माहेर बी न्हाई. मंग रुसून जातीस कुठं गं तू?"

दारातल्या बायका हसल्या. बाईही हसल्या. मग चष्मा काढून पुसत राहिल्या, पुष्कळ वेळ. मला वाटलं, टेप बंद करावा.

सखूमावशी उठली. त्यांच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले. "हे घर तुझं माहेर. पंचमीला यायचं. बराबर?"

"येते," बाई म्हणाल्या.

त्यानंतर मावशी जी बोलायला लागली, ती टेप संपला तरी थांबेना.

बाई गेल्या. पुस्तक झालं, त्या प्रोफेसर झाल्या. पोस्टानं एक प्रत मला आली. जर्मन आहे, मला वाचता येत नाही. मावशीचा फोटो तेवढा बघते.

दर पंचमीला मावशी विचारायची, "पोरगी आल्ती का गं?"

"न्हाई मावशी. कामात असतील."

"एवढं कसलं काम म्हणते मी!"

असं म्हणून ती पुरणाचं एक दिंड बाजूला काढून ठेवायची. मीही त्या दिवशी काही ना काही निमित्त काढून एस.टी. थांब्यावर जायची.

त्या नोकरीत मी एवढंच शिकले. टेप संपला की इंटरव्ह्यूचं काम संपतं. कुणाला ये म्हटलं, की वाट बघायचं काम संपत नाही.