शांताक्कांची बिनऔषधाची काच

शांताक्कांना काहीही सांगा, आधी प्रश्न यायचा, "कोण सांगितलं? तू बघितलास काय?" मग ते पावसाचं असो की पगारवाढीचं. हुबळीहून रोज बसने धारवाडला येणाऱ्या या बाई आमच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचपट्ट्या तयार करायच्या. बेडकाच्या गर्भाचे इतके पातळ काप दुसऱ्या कुणाला जमत नसत. त्यांचा माझ्यावर विश्वास नव्हता, आणि माझा त्यांच्यावर.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. वाढत्या गर्भात एक जनुक कुठे जागं होतं, ते मी शोधत होतो. कापांवर किरणोत्सारी औषध लावायचं. जनुक जागं असेल तिथे ते चिकटतं आणि कापावर चढवलेल्या, फोटोच्या फिल्मसारख्या लेपात काळे ठिपके उमटतात. माझे ठिपके दर वेळी गर्भाच्या वरच्या अर्ध्या भागातच दिसत. माझे मार्गदर्शक सर खूश होते. सोमवारी शोधनिबंध टपालात पडणार होता आणि माझी पीएच.डी. त्यावरच उभी होती.

"एवढं सरळ कसं येतंय रे? मला भ्या वाटतंय," शांताक्का म्हणायच्या. मला वाटे, बाईंच्या पोटात दुखतंय. त्यातच शनिवारी माझ्या काचपट्ट्यांच्या पेटीत मी न ठेवलेली एक काचपट्टी सापडली.

"अक्का, माझ्या पेटीला हात लावलात?"

"लावले की. बघ तरी ती."

बघितली. तेच काळे ठिपके, तोच वरचा भाग.

"हिला औषध लावलंच नाही मी," त्या म्हणाल्या. "आपल्या तळ्यातल्या बेडकांची अंडी वरनं काळीच असतात की रे, गर्भ झाला तरी."

हे मला काय ठाऊक नव्हतं? पण मनासारखं दिसू लागल्यावर डोळे फुटले होते. दोन वर्षं मी जनुक समजून अंड्याचा रंग मोजत होतो.

"सरांना मी सांगणार नाही. तू सांग."

मी सांगितलं. निबंध थांबला. सरांनी टपालाचं पाकीट खणात ठेवलं. मग म्हणाले, "कुणाच्या लक्षात आलं?"

शांताक्का मागेच बाटल्या धूत होत्या.

"माझ्याच," मी म्हणालो. सरांनी माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. अक्कांनी मान वर केली नाही.

पुढे सगळं नव्याने करून मला पदवी मिळाली. शांताक्का निवृत्त झाल्या आणि वर्षभरात गेल्या. प्रबंधाच्या आभारात बेडूक धरून आणणाऱ्याचंसुद्धा नाव आहे, त्यांचं नाही. घातलं असतं तर सरांनी कारण विचारलं असतं.